काडीमोड ते कोर्ट : परराज्यातील सासर आणि घटस्फोटाचे ठिकाण

‘काडीमोड’ हा शब्द आज कोणत्याही सरकारी कागदावर आढळत नाही, पण शाहूवाडी तालुक्यातील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे. नवरा-बायकोचे जमेना, समजूत घालूनही उपयोग होईना, म्हणजे दोन्हीकडची चार शहाणी माणसे व जातीचे पंच एकत्र बसत. देण्याघेण्याचा हिशेब होई, गवताची काडी मोडली जाई आणि संबंध तुटला असे सर्वांसमक्ष जाहीर होई. पुढे ती बाई दुसरा घरोबा करी, त्यास ‘पाट’ म्हणत. माझी आजी हे सारे एका वाक्यात सांगते : “पाच माणसं बसली, काडी मोडली, की सुटली बाय.” पांढरपेशा समाजात ही सोय नव्हती. शेतकरी व कष्टकरी जातींत ती होती. घटस्फोट हे शहरी किंवा पाश्चात्त्य खूळ आहे, असे आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत हमखास ऐकू येते. निदान बहुजन समाजापुरते तरी ते खरे नाही.

अर्थात जुन्या चालीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पंच बहुधा पुरुषच असत, दंड बाईच्या माहेराकडून वसूल होई, आणि नवऱ्याने अडून बसायचे ठरवले तर पंचांचेही फारसे चालत नसे. शिवाय इंग्रजी न्यायालयांना जातपंचायतीचा हा अधिकार मान्य नव्हता. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मोकळीक देण्याचा अधिकार जातीला आहे असे न्यायालय मानणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये दिला होता. म्हणजे गावाने सोडलेली बाई सरकारच्या लेखी बांधलेलीच राहण्याचा धोका होता. गावाचा निवाडा वेगळा आणि कोर्टाचा वेगळा, ही आपली अडचण तेव्हापासूनची आहे.

या विषयाकडे मी वळले ती पुस्तकातून नव्हे. माझ्या आत्याची मुलगी, जिला मी आक्का म्हणते, तिचे लग्न होऊन चार महिने भरायच्या आत ती माहेरी परत आली. एकत्र राहिलेले दिवस आत्याने मोजले आहेत, ते एकशे अकरा. दाजी म्हणायची सवय मला लागते न लागते तोच संबंध संपत आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच असल्याने घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. पीक विम्याचा असो, सोसायटीचा असो की वकिलाचा, “कॉलेजात जातीस नव्हं, मग वाच की,” एवढेच म्हटले जाते. त्या वाचण्यातून आणि नंतर ग्रंथालयातल्या व वकिलांकडून मागून आणलेल्या पुस्तकांतून जे समजले, ते येथे मांडते. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, कायद्याची नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

प्रथम वस्तुस्थिती. मुलाचे घर निपाणीकडचे, नोकरी बेंगळुरूला. लग्न मुलाकडच्यांच्या सोयीने निपाणीच्या कार्यालयात झाले. निपाणी कर्नाटकात आहे हे लग्नाच्या वऱ्हाडातल्या एकाच्याही मनात आले नसावे. तेथे मराठी बोलतात, कोल्हापूरच्या बाजारात निपाणीची माणसे रोज दिसतात, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता, म्हणून १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत शाहूवाडी व निपाणी एकाच राज्यात नांदली. सीमाप्रश्नावर आपण भाषणे ऐकतो, मोर्चे पाहतो. पण लग्न जमवताना न जाणवलेली सीमा ते मोडताना दारात उभी राहते, हे आम्हाला घरी कळले.

ते असे कळले. आक्का परत आल्यावर दीड-दोन महिन्यांनी बेंगळुरूच्या वकिलांची इंग्रजी नोटीस आली. पंधरा दिवसांत नांदायला यावे, न आल्यास बेंगळुरूच्या न्यायालयात दावा लावू, असा मजकूर होता. त्यात ‘रेस्टिट्यूशन ऑफ काँज्युगल राइट्स’ असे शब्द होते. शब्दकोशात तिन्ही शब्दांचे अर्थ सापडले, पण एकत्र लावल्यावर काही बोध होईना. मराठीत त्याला वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर नांदायला येण्याचा हुकूम.

हाच दावा १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंवर झाला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याच्या घरी कधी नांदायला गेलीच नाही. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे १८८७ मध्ये मात्र नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. तुरुंग पत्करीन, असे ती म्हणाली. अखेर पैशांची तडजोड झाली आणि दावा मिटला. त्यानंतर विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. रखमाबाई १९५५ मध्ये वारल्या, आणि हिंदू विवाह कायदा अंमलात आला तोही १९५५ मध्येच. त्या कायद्याने घटस्फोट दिला आणि कलम ९ मध्ये ‘नांदायला ये’ हा दावाही ठेवला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले होते, परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. मात्र आज या हुकुमाने कोणालाही ओढून नेता येत नाही. उलट हुकूम होऊनही वर्षभर एकत्र राहणे झाले नाही, तर त्याच कारणावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. हे कळल्यावर आत्याला त्या रात्री झोप लागली.

आपल्या कोल्हापूरचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ व काडीमोड या विषयांवर कायदे केले. सर्व हिंदूंसाठी केंद्रीय कायदा येण्यास तेव्हा पस्तीसहून अधिक वर्षे होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. ज्या महाराजांच्या नावाचा आपण रोज जयजयकार करतो, त्यांच्याच मुलखात परत आलेल्या मुलीला “आमच्याकडे असलं चालत नाही” असे ऐकावे लागते. असो.

आता अल्पकाळच्या लग्नाचा प्रश्न. लग्न जितके थोडे टिकले तितके ते मोडणे सोपे, असे घरात सर्वांना वाटले होते. कायदा याच्या उलट आहे. कलम १४ प्रमाणे लग्नाला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. मुळात ही मुदत तीन वर्षांची होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती एक वर्ष केली. अर्जदारावर असाधारण हालअपेष्टा ओढवल्या असतील किंवा दुसऱ्या पक्षाचे वर्तन असाधारण नीचपणाचे असेल, तरच न्यायालय आधी परवानगी देऊ शकते. दोघांच्या संमतीचा घटस्फोट, म्हणजे कलम १३-ब, हाही १९७६ मध्येच आला. त्यालाही अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्ज दिल्यावर पुन्हा सहा महिने थांबून दोघांनी न्यायालयात येऊन ‘आमचा विचार कायम आहे’ असे सांगायचे. ही सहा महिन्यांची अट सक्तीची नसून योग्य प्रकरणी न्यायालय ती माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निर्णयात सांगितले. पण त्यासाठी देण्याघेण्याचे सर्व वाद मिटलेले हवेत, समेटाचे प्रयत्न निष्फळ झालेले हवेत, आणि विभक्त राहण्याचे वर्ष व हे सहा महिने मिळून जो काळ होतो तो आधीच उलटलेला हवा. हिशेब मांडला तर एकशे अकरा दिवसांचा संसार मोडायला दीड वर्ष, तेही दोघे राजी असतील तर.

एक पळवाट घरातल्या मोठ्यांनी सुचवली होती. फसवणुकीने संमती घेतली असेल तर कलम १२ खाली विवाहच रद्द करून घेता येतो. त्याला वर्षभर थांबावे लागत नाही, उलट फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. “पगार खोटा सांगितला म्हणा, मोकळी होशील,” असे एक मामा म्हणाले. आक्काने नाही म्हटले. तिचे म्हणणे सरळ होते : “कुणी खोटं बोललं नाही. तो माणूसही वाईट नाही. मला तिथं राहता आलं नाही.” आपल्या कायद्यात एवढ्याच कारणाला एकतर्फी घटस्फोट नाही. क्रूरता, परित्याग, व्यभिचार अशी कारणे आहेत, म्हणजे कोणाचा तरी दोष दाखवावा लागतो. विवाह पुन्हा न जुळण्याइतका मोडला असेल तर तेवढे कारण पुरे मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या ७१ व्या अहवालात १९७८ मध्येच केली होती. ती कायद्यात उतरली नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आपल्या खास अधिकारात अशा कारणावर विवाह संपवता येतो असे ठरवले, पण तो अधिकार दिल्लीतल्या त्या एकाच न्यायालयाचा. दोष नसताना दोष शोधायला लावणारा कायदा माणसांना खोटे बोलायला शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मामा वाईट नव्हते. कायद्याने त्यांना तसा रस्ता दाखवला.

दुसरी पळवाट याहून धोक्याची. स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, सह्या-अंगठे करून, नोटरीचा शिक्का मारून मोकळे होणे. आपल्या तालुक्यात ही पद्धत सर्रास आहे. कलम २९ ने जुन्या रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे. पण अशी रूढी आपल्या जातीत पूर्वापार व अखंड चालू आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. कर्नाटकातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच सांगितले. रूढी सिद्ध नसेल तर तो कागद म्हणजे केवळ कागद. त्या भरवशावर दुसरे लग्न झाले तर ते अवैध ठरते, आणि त्यातल्या मुलीचे हाल काय होतात ते सांगायला नको. आजीची काडी आणि आजचा स्टँप यांत फरक असा की काडीला सारा गाव साक्षी असे.

मात्र या साऱ्या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते कलम १९. घटस्फोट कोणत्या कारणाने, यावर पुस्तकांतून पानेच्या पाने आहेत. तो कोठे मागायचा, हे एका पानात आटोपलेले असते. आमच्यासारख्या घरात पहिला प्रश्न तोच असतो. मूळ कायद्याप्रमाणे अर्ज करण्याची मुख्य ठिकाणे तीन : जेथे लग्न लागले, जेथे प्रतिपक्ष राहतो, किंवा जेथे दोघे शेवटचे एकत्र राहिले. आक्काच्या बाबतीत लग्न निपाणीला, नवरा बेंगळुरूला, संसारही बेंगळुरूला. तिन्ही ठिकाणे परराज्यात. बेंगळुरूला तारखेला जायचे म्हणजे एक रात्र एसटीत, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, पुन्हा एक रात्र एसटीत. आक्काला एकटीला कोणी पाठवणार नाही, म्हणजे तिकिटे दोन. आत्या रोजंदारीवर भांगलणीला जाते, तिचे तीन दिवस बुडणार. न्यायालयाची भाषा कन्नड, वकील अनोळखी, आणि ऐनवेळी “पुढची तारीख” एवढेच ऐकून परतायचे. अशा चार तारखा झाल्या की माणूस न्याय मागायचे सोडून देतो. नोटीस धाडणाऱ्या वकिलांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

२००३ च्या दुरुस्तीने या कलमात एक छोटी ओळ घातली गेली. अर्जदार पत्नी असेल तर अर्ज करतेवेळी ती जेथे राहते, तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. त्या वर्षाच्या २३ डिसेंबरपासून ती अंमलात आहे. या ओळीने आक्काचे कोर्ट बेंगळुरूहून कोल्हापूरला आणले, आणि शाहूवाडीहून कोल्हापूरला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येते. घटस्फोटाची नवी कारणे देणाऱ्या दुरुस्त्यांपेक्षा ही मला मोठी वाटते. हाच दृष्टिकोन इतरत्रही आला आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली बाई तात्पुरती राहत असेल तेथेही अर्ज करू शकते. छळामुळे सासर सोडून जेथे आसरा घेतला तेथेही फौजदारी तक्रार करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले.

वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा एका मित्राने विचारले, ही सवलत नवऱ्याला का नाही? प्रश्न रास्त आहे. मुलगी बेंगळुरूला नोकरीला आणि मुलगा शाहूवाडीत, असेही उद्या होईल. आज आमच्याकडच्या किती मुली स्वतःच्या पैशांनी रात्रीची गाडी पकडून परराज्यात तारखेला जाऊ शकतील, हे त्याने आपल्याच गल्लीत मोजून पाहावे, असे मी म्हटले. तो गप्प राहिला, पण पटले असे काही म्हणाला नाही.

नवऱ्याने आधीच परराज्यात दावा लावला असेल तर तो आपोआप इकडे येत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला हलवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला नाही, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. तो फक्त सर्वोच्च न्यायालयाला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली. अशा अर्जांत सामान्यतः पत्नीची सोय पाहावी, असे त्या न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितले आहे. तरी शाहूवाडीच्या मुलीने बेंगळुरूचा खटला कोल्हापूरला आणण्यासाठी दिल्लीत वकील द्यायचा, हा द्राविडी प्राणायामच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण या एका बाबतीत त्याचा उपयोग नाही. व्हिडिओद्वारे साक्ष घेण्यासही २०१७ च्या निर्णयाने मर्यादा आहेत : समेटाचा टप्पा प्रत्यक्ष समोरासमोरच व्हायचा, तो फसला आणि दोघांनी मागणी केली तरच पुढे तसा विचार. म्हणून अशा नोटिशीला उत्तर देण्यात दिवस दवडू नयेत. वकिलाची फी हा अडसर असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. आमच्या गावात हे कोणालाच माहीत नव्हते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ही माहिती लावायला काय हरकत आहे?

कोल्हापूरला अर्ज करता येतो हे ठरल्यावर वकीलसाहेबांनी राहत्या जागेचा पुरावा मागितला, आणि एक नवेच कोडे पुढे आले. लग्न ठरताच आमच्याकडे मुलीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी करून दाखला घेतात, म्हणजे ते सासरी चढवता येते. आक्काचेही केले होते. बेंगळुरूत ते चढण्यापूर्वीच ती परत आली. लग्नाची नोंद कर्नाटकात, आधारवर माहेरचे नाव पण पत्ता नव्याने बदललेला सासरचा. रेशनच्या हिशेबात ती दोन्ही राज्यांत कोठेच नव्हती. पुरवठ्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने “आधी घटस्फोटाचा कागद आणा, मग नाव चढवू” म्हणून परत पाठवले. कोर्टात जायला पत्ता हवा, आणि पत्त्याला कोर्टाचा कागद हवा! शेवटी ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्यावर वकिलांनी काम भागवले. निवास खरा असावा लागतो, चार दिवस पाहुणी आलेली चालत नाही, एवढे मात्र खरे. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी मुलगी परत आल्याबरोबर हा दाखला, बँकेचा पत्ता आणि आधारचा पत्ता ही कामे आधी करावीत. रडण्याला वेळ नंतरही मिळतो, असे आत्या म्हणते.

अशा खटल्याची सुनावणी कलम २२ प्रमाणे बंद दाराआड चालते, आणि तिचा मजकूर छापण्यास मनाई आहे. त्यामुळे आतली कोणतीही गोष्ट मी येथे लिहिलेली नाही, आणि हे सारे लिहिण्यापूर्वी आक्काला वाचून दाखवले आहे. तिने दोन वाक्ये खोडायला लावली. दोन्ही घरांतली माणसे निपाणीला एका नातेवाइकाकडे बसली होती. मंगळसूत्र, भांडी व कपडे एकमेकांना परत झाले. दोघांनी संमतीने वेगळे व्हायचे ठरवले आहे आणि अर्ज कोल्हापूरला करायला त्यानेही मान्यता दिली आहे. बेंगळुरूहून यायची रात्रीची गाडी आता त्याला धरावी लागेल.

वर्ष पुरे व्हायला अजून काही आठवडे आहेत. आक्का तोवर मलकापुरात शिवणकामाला जाते आणि अपुरी राहिलेली बारावी बाहेरून देणार आहे. अर्जाचा सतरा नंबर फॉर्म मीच भरला. त्यात ‘विवाहित / अविवाहित’ असा कोणताही रकाना नव्हता.